साहेब येतीलच

विभागातल्या साऱ्या शाळांचा कारभार ज्या कार्यालयातून चालायचा, तिथे प्रमुखांची एक खोली होती. खोलीत एक भलंमोठं टेबल होतं, टेबलामागे उंच पाठीची खुर्ची होती आणि त्या खुर्चीत बहुतेक वेळा कुणीच नसायचं. प्रमुख यायचे आणि जायचे. कार्यालयाला त्यांच्या चहाची चव कळेपर्यंत त्यांच्या निरोपाचा चहा व्हायचा. मग पुढचे येईपर्यंत कारभार उपप्रमुखाकडे. आणि हा उपप्रमुख वर्षानुवर्षं एकच होता. त्याचं खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. पाठीमागे सगळे त्याला प्रभारी म्हणत आणि तोही मनातल्या मनात स्वतःला तेच म्हणायचा.

प्रभारीने त्या उंच खुर्चीत बसू नये असा काही नियम नव्हता. तो त्याने स्वतःच स्वतःला लावून घेतला होता. पहिल्यांदा कारभार हाती आला तेव्हा तो मोठ्या ऐटीत तिथे बसला होता, नवा शर्टसुद्धा घातला होता. नेमके त्याच दुपारी नवे प्रमुख दारात उभे राहिले. "बसा बसा," ते गोड हसून म्हणाले, "मी राहतो उभा." प्रभारी इतक्या घाईने उठला की त्याचा गुडघा खणाच्या मुठीवर आपटला. तेव्हापासून नवे साहेब येणार अशी कुणकुण लागली की तो गुडघा दुखायचा. आणि तेव्हापासून प्रभारी टेबलाच्या अलीकडे, भेटायला येणाऱ्यांच्या खुर्चीत बसूनच विभाग चालवायचा. फायली स्वतःकडे फिरवून घ्यायच्या, शाईचं पॅड ओढून घ्यायचं. फोन मात्र पलीकडच्या कोपऱ्यात भिंतीच्या वायरला बांधलेला. तो वाजला की प्रभारी अख्ख्या टेबलावर पालथा पडून उचलायचा. विभागातल्या हजारो मुलांचं भवितव्य पोटावर पडून सांभाळणारा आपण बहुधा एकमेव माणूस असू, असं त्याला अशा वेळी वाटायचं.

प्रमुख टिकत नसत त्याचं कारण भाऊ. भाऊ म्हणजे त्या भागाचे पुढारी. निवडणूक कुणीही जिंको, शाळा भाऊंच्या. कोणता शिक्षक कुठे जाणार, कुठल्या मुख्याध्यापकाला गावाजवळची शाळा मिळणार, हे त्यांच्या घरच्या ओट्यावर ठरायचं आणि प्रमुखाने खाली सही करायची. एका प्रमुखाला भाऊंच्या सभेत टाळ्या वाजवायला उशीर झाला, तो गेला. एकाला विरुद्ध गटाने आणलं होतं, तो गेला. एक तर का गेला हे कुणालाच कळलं नाही, तो स्वतःच बरेच दिवस लोकांना विचारत फिरत होता. हुकमात कारण प्रत्येक वेळी एकच असायचं, 'प्रशासकीय कारणास्तव'. हे वारे कार्यालयात सगळ्यात आधी कळायचे ते हेडक्लार्कबाईंना. वरून आलेल्या फोनची घंटा कशी वाजते यावरूनही त्या अंदाज सांगत आणि तो सहसा चुकत नसे. म्हणून त्यांचं नाव पडलं होतं वेधशाळा.

या सगळ्या पडझडीत प्रभारी मात्र टिकला, कारण त्याच्याकडे एक वाक्य होतं. "मला अधिकार नाहीत." हे वाक्य त्याने घासूनपुसून असं लख्ख केलं होतं की समोरच्याला नकाराचा राग येण्याऐवजी त्याचीच कीव यायची. शिक्षक मागणारे, शाळेचं छप्पर मागणारे, बदली मागणारे, बदली रद्द करा म्हणणारे, सगळ्यांना तेच. कायम साहेब आले की बघू, मी प्रभारी. नाकासमोर चालणारा माणूस म्हणून त्याची ख्याती होती. पण नाकासमोर भिंत आली की आपण तिथेच उभे राहतो, हे त्याचं त्याला पक्कं ठाऊक होतं. लाच कधी खाल्ली नाही, हे खरं. पण कुणी कधी दिलीही नव्हती. ज्याच्या सहीने काहीच होत नाही त्याला कोण देणार?

एक हौस मात्र त्याने मनात जपून ठेवली होती. उंच खुर्चीच्या मागे भिंतीवर आजवरच्या प्रमुखांच्या नावांचा लाकडी फळा होता. पांढऱ्या रंगात नाव, कधीपासून, कधीपर्यंत. प्रभारींची नावं त्यावर रंगवत नसत. भेटणाऱ्यांच्या खुर्चीत बसल्यामुळे तो फळा दिवसभर त्याच्या अगदी तोंडासमोर यायचा. निवृत्ती जवळ आली होती. जाण्याआधी एकदा, एकदाच आपलं नाव तिथे लागावं, एवढंच त्याला हवं होतं. बायकोला त्याने हे एकदा बोलून दाखवलं.

"अहो, आपल्या दारावर आहे की तुमचं नाव," ती म्हणाली. ती औषधाच्या दुकानात काम करायची आणि दुसऱ्याच्या दुखण्यावर चटकन बोट ठेवायची.

"तिथे कोण वाचतं?"

"मी वाचते ना रोज. कुलूप काढताना."

घरात तरी त्याला अधिकार कुठे होते?

मग मॅडम आल्या. उंच, घाईघाईने चालणाऱ्या, दारातूनच बोलायला सुरुवात करणाऱ्या. पहिल्याच दिवशी त्यांनी प्रभारीला पलीकडे बसलेलं पाहिलं आणि म्हणाल्या, "तुम्ही तिकडे काय करताय? माझ्याकडे काही मागायला आलाय का? इकडे या." आणि त्याची खुर्ची त्यांनी स्वतः ओढून आपल्या शेजारी लावली. टेबलाच्या त्या बाजूने जग कसं दिसतं ते प्रभारीने पहिल्यांदाच निवांत पाहिलं. मॅडमनी भाऊंची यादी बाजूला ठेवली आणि मुलं कुठे किती आहेत ते बघून शिक्षक पाठवायला सुरुवात केली. ज्या शाळेत वर्षभर कुणी फिरकलं नव्हतं तिथे शिक्षक जाऊ लागले. गावाजवळ सुखाने बसलेले भाऊंचे लोक लांब जाऊ लागले. एकदा कुठल्याशा शाळेचा प्रश्न अडला तेव्हा मॅडम त्याच्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्हाला काय वाटतं?"

"मॅडम, मला अधिकार नाहीत."

"अधिकार कुठे विचारले मी? मत विचारलं."

इतक्या वर्षांत त्याला कुणी मत विचारलंच नव्हतं. ते आपल्याकडे शिल्लक आहे की नाही, हेही त्याला पाहावं लागलं. चाचरत का होईना, त्याने सांगितलं. मॅडमनी तसंच केलं आणि पुढच्या कामाला लागल्या. त्या संध्याकाळी घरी जाताना तो उगाचच दोन थांबे आधी उतरला आणि चालत गेला. मॅडम त्याला मनापासून आवडल्या होत्या आणि त्या टिकणार नाहीत हेही त्याला दिसत होतं.

तसंच झालं. एके सकाळी फोन नेहमीपेक्षा जास्त वेळ वाजला. वेधशाळा दारातूनच म्हणाल्या, "मॅडमचं सामान बांधायला घ्या." प्रशासकीय कारणास्तव. जाताना मॅडमनी प्रभारीची खुर्ची होती तिथेच राहू दिली. त्या गेल्यावर त्यानेच ती मुकाट्याने उचलून पलीकडे नेली.

याच दिवसांत एक आजी यायला लागल्या. लांबच्या वस्तीवरून. नातीच्या शाळेत गणिताला शिक्षकच नव्हता. मॅडमच्या कामात त्या शाळेचा नंबर आलाच होता, हुकूम टाइप होऊन पडला होता, फक्त सही राहिली होती. बाहेरच्या बाकाचा पाय मोडलेला, म्हणून शिपायाने आजींना आत आणून प्रभारीच्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं. आजींनी त्याच्याकडे पाहिलं, रिकाम्या उंच खुर्चीकडे पाहिलं आणि विचारलं, "तुम्हीपण बसलाय का? कधी येतात हो साहेब?"

आता इथे कुणीही शहाणा माणूस म्हणाला असता, आजी, मीच तो, पण मला अधिकार नाहीत. प्रभारीच्या तोंडून मात्र निघालं, "येतील."

"लई वेळ झाला का तुम्हाला?"

"बराच," प्रभारी म्हणाला, आणि हे काही खोटं नव्हतं.

एकदा असं बोलून बसल्यावर मागे कसं फिरणार? आजी पुन्हा आल्या, पुन्हा पुन्हा आल्या, आणि दोघं शेजारी शेजारी बसून साहेबांची वाट पाहू लागले. आजी पिशवीतून बिस्किटं काढून त्याला द्यायच्या. "माणसानं उपाशी ताटकळू नये," त्या म्हणायच्या. तोही खायचा. वेधशाळा मध्येच डोकावून अगदी गंभीर चेहऱ्याने सांगायच्या, "साहेब आज येतील असं दिसत नाही." आजी उठताना प्रभारीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायच्या, "धीर सोडू नका, येतीलच." आपणच आपली वाट पाहतोय आणि वर धीरही आपल्यालाच दिला जातोय, याचं प्रभारीला हसू यायचं. पण त्या खाली जिना उतरू लागल्या की हातातलं अर्धं बिस्कीट तो तसंच ठेवून द्यायचा.

तिकडे मॅडम गप्प बसल्या नव्हत्या. त्या कोर्टात गेल्या आणि कोर्टाने विचारलं, यांना का काढलं? प्रशासकीय कारण म्हणजे नेमकं काय? आता कारण हवं होतं. मॅडमना विभाग सांभाळता आला नाही, असा अभिप्राय त्यांच्याच कार्यालयाकडून गेला की काम फत्ते. भाऊंच्या माणसाचा फोन आला. प्रभारी टेबलावर पालथा पडला.

"अभिप्राय पाठवा," भाऊंचा माणूस म्हणाला. "आम्हीच लिहून देतो. तुम्ही फक्त सही करा."

प्रभारीने पडल्या पडल्याच आपलं लख्ख वाक्य बाहेर काढलं. "मला अधिकार नाहीत हो. आधीच्या प्रमुखाबद्दल असा अभिप्राय कायम प्रमुखच देऊ शकतो. नियमच आहे तसा. मी पडलो प्रभारी."

"पडलात ना? बरं," पलीकडून आवाज आला आणि फोन ठेवला गेला.

प्रभारी टेबलावरून खाली उतरला तो जिंकल्यासारखाच. सापही मेला नाही, काठीही उचलावी लागली नाही. मॅडमचं नुकसान केलं नाही आणि भाऊंना नाही म्हटलं नाही. घरी जाऊन त्याने बायकोला सगळं रंगवून सांगितलं. "नियमावर बोट ठेवलं, संपला विषय," तो म्हणाला आणि पोळी जरा जास्तच मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी वेधशाळा हुकूम घेऊन आत आल्या आणि टेबलाच्या अलीकडे त्याच्यासमोर ठेवला. त्याची प्रमुखपदी कायम नेमणूक झाली होती.

"अभिनंदन, साहेब," वेधशाळा म्हणाल्या. "तुम्हीच मागून घेतलंत."

प्रभारीला क्षणभर खरंच आनंद झाला. मग गुडघा दुखला. मग सगळं लख्खपणे डोक्यात शिरलं. आयुष्यभर ज्या छत्रीखाली तो उभा होता, ती त्यांनी हळूच काढून घेतली होती आणि वर हार घातला होता. ज्या नेमणुकीसाठी तो इतकी वर्षं झुरला, ती मिळवायला आपलं एक पळपुटं वाक्य पुरेसं होतं, हे आधी कळलं असतं तर केव्हाच बोललो असतो, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. पेंटरला परवाच बोलावते, असं वेधशाळा जाता जाता म्हणाल्या.

संध्याकाळी बायकोच्या माहेरून फोनवर फोन आले. ती सगळ्यांशी हसून बोलली आणि मग त्याच्यासमोर येऊन बसली.

"तोंड का पडलंय?"

त्याने सांगितलं.

"मॅडमबद्दल तुम्हाला काय वाटतं?"

"वाटायचंय काय? तशी बाई त्या खुर्चीत पुन्हा येणार नाही."

"मग?"

"मग फळा," तो म्हणाला. "नाव लागलं की उतरवत नाहीत ते. सही नाही केली तर नावच लागणार नाही."

ती उठली. "उद्या निळा शर्ट घाला. काहीही करा, पण अंगावर कपडे तरी नीट असू देत."

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रभारी टेबलाला वळसा घालून उंच खुर्चीत बसला. आणि त्याचे पाय लोंबकळले. मॅडम उंच, आणि खुर्चीची कळ त्यांच्या मापावर जाम होऊन बसलेली. विभागाचा कायम प्रमुख पाय हलवत बसला होता. शेवटी त्याने जुन्या परिपत्रकांचा एक गठ्ठा पायाखाली सरकवला. समोरच्या फायलींच्या गठ्ठ्यात भाऊंकडून आलेला अभिप्रायाचा मसुदा वर होताच. प्रभारीने तो तळाशी घातला आणि बाकीचं काम काढलं. टाळाटाळीत त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण आज टाळायला कामच करावं लागत होतं. कुणाची रजा मंजूर केली, कुठल्या शाळेची गळती मंजूर केली, म्हणजे दुरुस्ती. आजींच्या शाळेचा हुकूम हाताला लागला. त्यावर सही केली, शिक्का मारला आणि लगेच पाठवायला सांगितलं. इतकी सोपी गोष्ट होती ही. इतकी सोपी गोष्ट आणि त्या बाईने इतक्या खेपा घातल्या, आपण शेजारी बसून तिची बिस्किटं खाल्ली! प्रभारीला स्वतःची अशी लाज वाटली की त्याने पेन खाली ठेवलं.

तेवढ्यात भाऊंचा माणूस आला आणि समोरच्या, म्हणजे प्रभारीच्याच खुर्चीत ऐसपैस बसला. "झालं का, साहेब?"

"ते..." प्रभारी म्हणाला, आणि जिभेने सवयीने आपला रस्ता धरला. "मला अधिकार नाहीत."

भाऊंचा माणूस मनापासून हसला. "आता आहेत की, साहेब. त्याचसाठी तर दिले."

फळा आता प्रभारीच्या पाठीमागे होता. समोर दिसत होती फक्त ती खुर्ची, जी मॅडमनी ओढून आपल्या शेजारी लावली होती. मत विचारलं होतं त्यांनी. आताही कागद मतच मागत होता. प्रभारीने कोरा कागद ओढला. त्याने लिहिलं, की माझ्या मते मॅडमनी विभाग उत्तम चालवला, इतका चांगला आजवर कुणी चालवलेला मी पाहिला नाही, आणि त्यांना काढण्याचं कोणतंही कारण या कार्यालयाला माहीत नाही. खाली सही. सहीखाली सवयीने 'प्रभारी' लिहायला गेला आणि थांबला.

भाऊंच्या माणसाने उलट्या बाजूने वाचलं. त्याचं हसू मावळलं. "साहेब, नीट विचार केलात?"

"नाही," प्रभारी खरं तेच बोलला. "विचार केला असता तर लिहिलंच नसतं."

वेधशाळा दारातच उभ्या होत्या. त्यांनी कागद उचलला आणि चालू लागल्या. जेवणाच्या सुट्टीपर्यंत प्रभारीचा धीर टिकला. मग तो त्यांच्या टेबलापाशी गेला. "ते... गेलं का?"

"गेलं."

"म्हणजे अगदी हातातून..."

"गेलं, साहेब," वेधशाळा म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांच्या तोंडी साहेब हा शब्द नुसता सवयीचा वाटला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. वेधशाळांनी घंटा ऐकली आणि शिडी घेऊन आलेल्या पेंटरला म्हणाल्या, "थांब जरा." प्रशासकीय कारणास्तव प्रमुखांना मूळ जागी परत पाठवण्यात येत आहे. पण हुकूम लिहिणाऱ्याने दरवेळचंच शेवटचं वाक्य खाली चिकटवलं होतं, की पदाचा कारभार त्यांनी उपप्रमुखाकडे सोपवावा. आणि प्रभारीची मूळ जागा म्हणजे उपप्रमुख. झालं. वर कुणाच्या लक्षातच आलं नाही.

कारभार सोपवल्याच्या कागदावर दोन सह्या लागतात, देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची. "देणाऱ्याने आधी करायची," वेधशाळा म्हणाल्या. प्रभारीने उंच खुर्चीत बसून सही केली, परिपत्रकांच्या गठ्ठ्यावरून उतरला, टेबलाला वळसा घातला, आपल्या खुर्चीत बसला आणि दुसरी सही केली. "जुन्या साहेबांनी काही सांगितलं का?" वेधशाळांनी विचारलं. "खुर्ची उंच आहे म्हणाले," प्रभारी म्हणाला. दोघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. त्यातलं थोडं पाणी हसण्याचं नव्हतं.

"आणि हे नाव?" शिडीवरून पेंटरने विचारलं. "लिहू की जाऊ?"

प्रभारी मान खाली घालून बसला. वेधशाळा म्हणाल्या, "कायम म्हणजे कायम. एक दिवस असला म्हणून काय झालं? लिही."

मॅडमच्या खटल्याचा निकाल अजून लागायचा होता. कागद कोर्टात पोचला होता, एवढंच कळलं होतं. नवा प्रमुख भाऊंना अजून सापडत नव्हता. प्रभारी पुन्हा फोनसाठी पालथा पडत होता, फक्त ते लख्ख वाक्य आता त्याच्या तोंडून सहज निघेनासं झालं होतं. अशात एक दिवस आजी आल्या. पिशवी मांडीवर घेऊन नेहमीसारख्या शेजारी बसल्या.

"आला हो आमचा शिक्षक," त्या म्हणाल्या. "नात आता गणितं सोडवून दाखवते मला. साहेबांना तेवढं सांगून जावं म्हणून आले." मग त्यांची नजर भिंतीवर गेली. सावकाश एकेक नाव वाचत त्या शेवटच्या ओळीवर थांबल्या. "हे खालचे कोण हो? आले आणि दुसऱ्याच दिवशी... वारले का बिचारे?"

"नाही. काढलं त्यांना."

"म्हणजे यांच्याच सहीनं आला आमचा शिक्षक, हुकमावर तारीख हीच होती." आजींनी फळ्याकडे पाहून हात जोडले. "मला भेटायचं होतं त्यांना. तुमची तर भेट झाली असेल?"

"झाली," प्रभारी म्हणाला. "ओझरती."

आजींनी पिशवीतून बिस्किटं काढून त्याच्या हातावर ठेवली. उठल्या, आणि जाता जाता त्याच्याकडे बघून त्यांना कसंतरीच झालं. इतके दिवस हा माणूस इथे बसलेलाच.

"आणि तुमचं काम?" त्यांनी विचारलं. "झालं का हो तुमचं?"

प्रभारीने समोर फळ्याकडे पाहिलं.

"झालं, आजी," तो म्हणाला.